गाळ्याचं तोंड रस्त्याकडेच राहू द्या : गिरगावातून एक खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. मुख्य अधिकारी, मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, म्हाडा

विषय : जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरील पुनर्विकासात तळमजल्याची दुकाने रस्त्यालगतच ठेवण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गिरगावात जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर, ठाकूरद्वार नाका आणि प्रार्थना समाज यांच्या मधल्या पट्ट्यात, ९ फूट रुंद आणि १८ फूट खोल अशा गाळ्यात धंदा करतो. गाळा वडिलांनी १९५८ साली पागडीने, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेहक्काने घेतला. त्यात आधी छापखाना होता. आता झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका आणि रबरी शिक्के आहेत. आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे. संमतीपत्रावर मीही सही केली आहे आणि ती मागे घेण्याचा माझा विचार नाही. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण मागच्या महिन्यात विकासकाच्या कार्यालयात आम्हा गाळेधारकांना नव्या इमारतीचा नकाशा दाखवला, आणि त्या नकाशात मला आमचा रस्ता सापडला नाही.

तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दोन मजले उंचीची लॉबी आहे. तिच्या शेजारी गाड्या वर चढण्याचा रॅम्प, मग मीटर रूम, पंप रूम आणि वॉचमनची केबिन. त्यावर सात मजले पार्किंग. आम्हा अकरा दुकानांना जागा दिली आहे ती मागच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर, एका बोळकांडीत समोरासमोर. क्षेत्रफळ बरोबर आहे, एक फूटही कमी नाही. आमच्या शेजारी पूजासाहित्याचं दुकान चालवणारे काका ७८ वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे गिऱ्हाईक येणार कुठून?" समोरचा तरुण अगदी अदबीने म्हणाला, "काका, लिफ्ट आहे ना." त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. दहा रुपयांचा कापूर घ्यायला कोणी लिफ्टने वर जात नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नसावं.

पुनर्विकासाला विरोध करणारा म्हातारा म्हणून माझं पत्र बाजूला ठेवू नये, म्हणून आधीच सांगतो. आमची इमारत १९४० सालाच्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या 'अ' वर्गातली. गेली चौदा वर्षं ती टेकूंवर उभी आहे. पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बायका रात्री उठून छताकडे बघतात. सामाईक संडास गॅलरीच्या टोकाला, आणि गुडघे गेलेल्या माणसाला तिथवर जाणं हीच एक शिक्षा. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, १६ जुलै २०१९ला डोंगरीतली केसरबाई पडली. या दोन्ही जागा इथून फार लांब नाहीत आणि त्या रात्री आमच्या चाळीत कुणी झोपलं नव्हतं. यात मालकाचाही सगळा दोष नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली आणि तेवढ्या भाड्यात रंगही निघत नाही, हे मला कळतं. माणसांना सुरक्षित घर मिळालंच पाहिजे. वरच्या खोल्यांतल्या कुटुंबांना स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचं न्हाणीघर मिळणार, याचा मला मनापासून आनंद आहे.

माझं म्हणणं तळमजल्यापुरतं आहे. पण ते नीट सांगायचं तर या रस्त्यावर आजवर काय काय बदललं, ते सांगावं लागेल. "धंदे बदलतात, तुम्हीही बदला" असं आम्हाला बैठकीत ऐकवलं जातं. जसं काही आम्ही कधी बदललोच नाही.

वडिलांनी गाळा घेतला तेव्हा गिरगाव म्हणजे छापखान्यांचं गाव होतं. खटाववाडीत 'मौज'चा छापखाना होता. पलीकडे काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागरचं नाव अजून दबदब्याने घेतलं जाई. त्यांच्या ओतशाळेतले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, हा देवनागरी अक्षराचा मापदंड. खाडिलकर रोडवर 'नवाकाळ'. या मोठ्यांच्या सावलीत आमच्यासारखे लहान छापखाने वाडीवाडीत होते. त्यांचं पोट पावतीपुस्तकांवर, हँडबिलांवर, नाटकांच्या जाहिरातींवर आणि लग्नपत्रिकांवर चालायचं.

आमच्याकडे एक ट्रेडल मशीन, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं आणि भिंतीला टेकून खिळ्यांच्या केसेस. देवनागरीला एक केस पुरत नाही. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार, सगळ्यांचे वेगळे कप्पे. आमचे कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, डाव्या हातात स्टिक (खिळे रचायची पट्टी) धरून मजकुराकडे बघत बघत उजव्या हाताने खिळे उचलायचे. बोटं कप्पा न बघता बरोबर जायची. उलटी अक्षरं ते आपण सुलटी वाचतो त्याहून भरभर वाचायचे. काम झालं की खिळे रॉकेलने धुवायचे आणि पुन्हा कप्प्यात टाकायचे. रॉकेलचा आणि शाईचा तो वास माझ्या शाळेच्या दप्तरालाही यायचा. दाराशी एक दोरी बांधलेली असे. ओली प्रुफं त्यावर वाळत. रस्त्याने जाणारा माणूस थांबून ती वाचायचा. कुणाचं लग्न आहे ते कळायचं, आणि तो आत येऊन विचारायचा, "असंच माझ्या मुलीचं छापून द्याल का? किती लागतील?" आमच्या धंद्याची जाहिरात म्हणजे ती दोरी.

१९९३ साली आम्ही कॉम्प्युटर घेतला. खिळे शिशाच्या भावाने भंगारात गेले. वजनकाट्यावर ते ओतले तेव्हाचा आवाज वडिलांना सहन झाला नाही, ते पायरीवर जाऊन बसले. पुढे ऑफसेट स्वस्त झाला, मग झेरॉक्स आलं, मग लोकांच्या हातात मोबाइल आले आणि लग्नपत्रिकाही मोबाइलवरच जाऊ लागल्या. प्रत्येक वेळी आम्ही काउंटर हलवला, मशीन बदललं, पाटी रंगवली. आज दिवसभरात आधार कार्डाच्या प्रती, कोर्टाचे स्टॅम्पपेपर, शाळेच्या फॉर्मचे झेरॉक्स, सोसायट्यांचे शिक्के असं चालतं. छापखाना बंद पडला पण दुकान बंद पडलं नाही, कारण दार रस्त्यावर होतं.

हीच गोष्ट रस्ताभर आहे. देशातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ला लागला तो गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात. ते थिएटर पाडलं आणि त्या जागी शॉपिंग सेंटर आलं. हळहळ झाली, आजही होते. पण रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला आत शिरायला दार राहिलं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं, तिथल्या माशांच्या ताटाची आठवण काढून अजून माणसं हळवी होतात. ऑपेरा हाऊसच्या बाजूचा हिऱ्यांचा बाजार २०१०पासून वांद्रे-कुर्ला संकुलात गेला आणि दुपारच्या जेवणाच्या गर्दीवर जगणारी कितीतरी खानावळवाली, चहावाली माणसं एका वर्षात हवालदिल झाली. त्यांतल्या काहींनी पुढे मोबाइलचे कव्हर विकले, काहींनी इमिटेशन दागिने. मराठी पुस्तकांची दुकानं गेली, त्या जागी बँकांची एटीएम आली. मला ते रुचलं नाही, आजही रुचत नाही. तरीही गाळा गाळाच राहिला. उद्या एटीएम गेलं तर तिथे पुन्हा कुणी पोळीभाजी केंद्र काढू शकतो. दहा-बारा फुटी तोंड, दोन पायऱ्या, समोर फुटपाथ. ही चौकट दीडशे वर्षं टिकली म्हणून आतलं सगळं बदलत राहू शकलं.

आता प्रथमच ती चौकटच जाते आहे. रस्त्यालगत भिंत किंवा रॅम्प आला की पुढच्या शंभर वर्षांत तिथे कुठलाच धंदा येणार नाही, जुना नाही की नवा नाही.

आपण कधी पावसाळ्यात ठाकूरद्वारहून प्रार्थना समाजापर्यंत पायी आला आहात का? जुन्या इमारतींच्या गॅलऱ्या फुटपाथवर पुढे आलेल्या आहेत. लाकडी कठड्यांच्या त्या गॅलऱ्यांखालून माणूस छत्री मिटूनही बरंच अंतर चालू शकतो. एक इमारत सरली की चार पावलं भिजायचं, की पुढची गॅलरी. जिथे नवे टॉवर झाले तिथे ही साखळी तुटते. इमारत मागे सरकते, पुढे काचेची लॉबी आणि फरशी घातलेलं अंगण, आणि वॉचमन थांबू देत नाही. रात्री तर फरक जास्तच जाणवतो. साडेदहाला चर्नी रोड स्टेशनवरून घरी येणाऱ्या आमच्या मुली दुकानांच्या उजेडातून येतात. मेडिकलवाला, दूधवाला, पानवाला त्यांना लहानपणापासून ओळखतो. पार्किंगच्या भिंतीजवळून जाताना त्या फोन कानाला लावतात. माझ्या सुनेनेच मला हे सांगितलं, मी स्वतः कधी लक्ष दिलं नव्हतं.

हे थोडं विषयांतर झालं, पण महापालिकेला ही गोष्ट नवी नाही. फोर्टातला दादाभाई नवरोजी रस्ता, म्हणजे तेव्हाचा हॉर्नबी रोड, बांधला गेला तेव्हा प्रत्येक इमारतीने रस्त्याच्या बाजूला कमानींचा झाकलेला फुटपाथ ठेवलाच पाहिजे असा दंडक होता. प्रत्येकाचा वास्तुविशारद वेगळा, मालक वेगळा, घाट वेगळा. पण खालून माणूस सलग सावलीतून चालतो आणि दुकानं त्याच्या उजव्या-डाव्या हाताला असतात. तळमजला हा एकट्या मालकाचा नसतो, त्यात रस्त्याचाही वाटा असतो, हे या शहराच्या प्रशासनाला एकोणिसाव्या शतकात कळलं होतं. वारसा इमारतींच्या जतनाची नियमावलीही देशात सर्वांत आधी, १९९५ साली, मुंबईने केली. गिरगावच्या चाळी त्या अर्थाने वारसा ठराव्यात असा माझा आग्रह नाही. पण रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ला बंद पडलं आणि २०१६ला पुन्हा उघडलं, तेव्हा गिरगावकरांना काय वाटलं ते विचारा. बंद झालेलं दार पुन्हा उघडतं यावर आमचा विश्वास बसला.

आता अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७)च्या, म्हणजे जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या योजनेत बिगरनिवासी भाडेकरूला त्याच्या ताब्यात होतं तेवढं चटईक्षेत्र मिळतं. ठीक आहे. पण दुकानाची किंमत चटईक्षेत्रात नसते, तोंडात असते. १६० चौरस फूट रस्त्यावर आणि १६० चौरस फूट मागच्या पहिल्या मजल्यावर, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या करारात मजला आणि दिशा यांचा उल्लेखच नव्हता. आम्ही विचारलं तेव्हा "नकाशा मंजूर झाल्यावर ठरेल" असं उत्तर मिळालं. आम्ही छापखानेवाले, पूजासाहित्यवाले, कोकणी मेवा विकणारे. आमच्यातल्या किती जणांना नकाशा वाचता येणार? इमारतीत राहणारी कुटुंबं साठ आणि दुकानं अकरा. योजनेला लागणाऱ्या ५१ टक्के संमतीत आमची संख्या कधीच मोजावी लागत नाही. वरचे शेजारी आमच्या बाजूचे आहेत, पण त्यांनाही घाई आहे, आणि त्यांच्या घाईला मी नावं ठेवणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की जगन्नाथ शंकरशेठ मार्गासारख्या जुन्या बाजाररस्त्यांवर नकाशा मंजूर करतानाच एक अट घालावी. पाडलेल्या इमारतीत रस्त्याकडे तोंड असलेले जेवढे गाळे होते तेवढे नव्या इमारतीत तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून, साधारण त्याच रुंदीचे आणि शक्य तर त्याच क्रमाने परत यावेत. गाड्यांचा रॅम्प जिथे बाजूची गल्ली आहे तिथे गल्लीतून घ्यावा. लॉबीला बारा फूट पुरतात, चाळीस लागत नाहीत. मीटर आणि पंप मागे जाऊ शकतात, त्यांना गिऱ्हाईक लागत नाही. दुकानांवर पुढे आलेला सज्जा ठेवावा, म्हणजे पावसात चालणाऱ्याचीही सोय होईल.

दुसरी गोष्ट बांधकामाच्या काळाची. घरवाल्याला भाडं मिळतं, तो बोरिवलीला किंवा डोंबिवलीला जाऊन राहतो, त्रास होतो पण घर चालतं. दुकानदाराला भाड्याचा चेक मिळाला तरी गिऱ्हाईक मिळत नाही. तीन वर्षांचं काम सात वर्षं चाललं तर गिऱ्हाईक दुसरीकडची वाट धरतं, आणि पासष्टीच्या माणसाला पुन्हा सुरुवात करायला आयुष्य उरत नाही. पुनर्विकासातून मिळणारं अतिरिक्त क्षेत्र म्हाडाकडे जमा होतं. त्यातले काही तळमजल्याचे गाळे याच रस्त्यावर संक्रमण दुकानं म्हणून राखून ठेवता येतील का, याचा म्हाडाने विचार करावा. संक्रमण शिबिरं घरांसाठी आहेत, मग दुकानांसाठी का नसावीत?

आणि तिसरी, खर्च जवळजवळ नसलेली. दुकानांची गुमास्ता नोंदणी महापालिकेच्या दप्तरात आहे. पाडकामाची परवानगी देण्यापूर्वी त्यावरून त्या इमारतीतल्या दुकानांची यादी करावी. कुठला धंदा, किती वर्षं, तोंड किती फूट, आणि सोबत एक फोटो. उद्या वाद झाला तर "इथे असं काही नव्हतंच" म्हणता येऊ नये. रस्त्याचा चिरा बाजाराकडचा भाग सी विभागात आणि प्रार्थना समाजाकडचा डी विभागात आहे, तेव्हा दोन्ही कार्यालयांनी एकत्र बसावं लागेल. मराठी पाट्यांसाठी २०२३ साली आपली माणसं दुकानादुकानात फिरली होती, तेव्हा यादी करणं जमतं हे आम्ही पाहिलं आहे. त्या वेळी आमची पाटी आधीपासूनच मराठीत होती. वडिलांनी रंगवून घेतलेली, मोडी वळणाचा 'श्री' असलेली. ती मला नव्या दारावर लावायची आहे.

हे सगळं आत्ताच का, असं आपण विचाराल. ९ ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली. गिरगाव आणि काळबादेवी ही दोन्ही स्थानकं याच रस्त्याखाली आहेत. त्या कामाने आम्हाला वर्षानुवर्षं पत्र्यांच्या आड ठेवलं, रस्त्याकडेच्या इमारती गेल्या, ओळखीची माणसं पांगली. आता त्या जिन्यांवरून रोज नवी माणसं वर येतात. परवा एक आजी आल्या. चाळीस वर्षांपूर्वी मुगभाटातून बदलापूरला गेलेल्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका आमच्या वडिलांनी छापली होती. ती घडी घातलेली, पिवळी पडलेली, पर्समध्ये आणली होती, आणि नातीच्या पत्रिकेवर अगदी तसाच गणपती हवा होता. मेट्रोच्या जिन्यावरून वर आल्यावर त्या दिशा चुकल्या होत्या. इतकं सगळं बदललंय, म्हणाल्या, पण तुमची पायरी दिसली आणि कळलं. मी त्यांना पायरीवरच खुर्ची दिली, चहा मागवला. गणपतीचा तो ठसा जस्ताचा होता, शिशाच्या खिळ्यांबरोबर गेला नाही, अजून माझ्या खणात आहे. स्कॅन करून छापून दिला.

मेट्रोमुळे या रस्त्यावरच्या जमिनीचा भाव वाढेल आणि उरलेल्या इमारतींचे प्रस्ताव भराभर येतील. म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ प्रमाणे पुनर्विकासाच्या नोटिसा आल्या तर भाडेकरूही पुढाकार घेऊ शकतील. पुढच्या दहा वर्षांत हा रस्ता नव्याने बांधला जाणार हे नक्की. एकेका इमारतीची फाइल सुटी सुटी येईल, एकेक रॅम्प सुटा सुटा मंजूर होईल, आणि सगळं झाल्यावर धोबी तलावाकडून प्रार्थना समाजापर्यंत नुसती गाड्यांची दारं उरतील. म्हणून अट आधी हवी, फाइली नंतर.

आपल्यापैकी कुणालाही वेळ असेल तर सकाळी नऊच्या सुमारास या. फुलवाले, दूधवाले तेव्हा आवरत असतात आणि आमच्या फळ्या निघत असतात. ठाकूरद्वार नाक्यापासून मी सोबत चालेन. पाऊण तासात सगळं दाखवून होईल.

आमच्या इमारतीचा प्रस्ताव सध्या आपल्याकडे मंजुरीसाठी आहे. नकाशांच्या गठ्ठ्यात तळमजल्याचं पान पहिलं किंवा दुसरं असेल. सही होण्यापूर्वी तेवढं एक पान उघडून, रस्त्याच्या बाजूला काय काढलं आहे ते बघावं, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरील एक गाळेधारक
गिरगाव, मुंबई